व्हायरस लागलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधून दुकानाचा डेटा सुरक्षित कसा काढायचा?



या विषयावरच्या व्हिडिओत मी पायऱ्या दाखवल्या आहेत. पण काम करताना व्हिडिओ सारखा मागे-पुढे करत बसणं जमत नाही. म्हणून सगळं इथे सविस्तर लिहून देतोय. प्रिंट काढा, टेबलावर ठेवा आणि एकेक पायरी झाली की टिक करत पुढे जा.

आधी हा विषय धंद्याचा का आहे, ते बघू.

समजा, देगलूरमध्ये तुम्ही झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिका डिझाइनचं दुकान सुरू करताय. नवीन सगळं घ्यायला भांडवल कमी आहे. म्हणून एखाद्याचं चालू दुकान सामानासकट घेतलं, किंवा काकांचं बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडलं. सामानात एक जुना कॉम्प्युटर आला, विंडोज सेव्हनवाला. चालू केला तर दहा मिनिटं नुसता फिरतोय, पेनड्राइव्ह लावला की फोल्डरचे शॉर्टकट होतायत, मधूनच नको त्या जाहिराती उघडतायत.

कोणीही सांगेल, "फॉरमॅट मारून टाका." पण थांबा. त्या डब्याची किंमत भंगारात दोन-चारशे रुपये असेल. आतमध्ये मात्र आठ-दहा वर्षांच्या पत्रिकांची डिझाइनं आहेत, टॅलीचे हिशोब आहेत, गिऱ्हाइकांचे नंबर आहेत आणि उधारीची यादी आहे. तुम्ही दुकान घेतलं म्हणजे खरं तर हेच घेतलं. फॉरमॅट मारला की ते गेलं. आणि तसाच पेनड्राइव्ह लावून सगळं उचललं, तर नव्या कॉम्प्युटरलाही तोच रोग. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा प्रकार.

म्हणजे दोन्ही टोकं टाळून मधली वाट काढायची आहे. ती अवघड नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही.

आपल्या भागात हा त्रास जास्त का?

देगलूर सीमेवरचं गाव. इकडून तेलंगणाचं मदनूर, तिकडून कर्नाटकचं औराद जवळ. तीन राज्यांची माणसं बाजाराला येतात. दुकानात दिवसभर पेनड्राइव्ह येतात: कोणाचा मराठी बायोडेटा, कोणाची तेलुगू पत्रिका, कोणाचा शाळेचा प्रोजेक्ट. एकच पेनड्राइव्ह सकाळी तालुक्याच्या ऑफिसात, दुपारी तुमच्याकडे आणि संध्याकाळी बिदरच्या सायबर कॅफेत लागतो. व्हायरसला याहून चांगली एसटी कुठली मिळणार?

हे जुनंच आहे. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन', १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीवरून पसरायचा. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. २००८ साली आलेला 'कॉन्फिकर' नेटवर्कवरून तर पसरलाच, पण पेनड्राइव्हमधल्या 'ऑटोरन' सोयीचाही त्याने फायदा घेतला. पेनड्राइव्ह लावला की प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा, तुम्ही काही क्लिक करायची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टने पुढे ही सोय पेनड्राइव्हपुरती बंद केली. मग व्हायरसवाल्यांनी शॉर्टकटची युक्ती काढली. तुमचं खरं फोल्डर लपवायचं, त्याच नावाचा खोटा शॉर्टकट समोर ठेवायचा. तुम्ही फोल्डर समजून डबल क्लिक करता, फोल्डर उघडतंही, आणि मागच्या मागे व्हायरस चालू होतो.

दुसरं कारण म्हणजे जुनी विंडोज. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज सेव्हनचे १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अपडेट नाही म्हणजे दाराला कडी नाही.

कडी नसली की काय होतं, ते २०१७ साली सगळ्या जगाने बघितलं. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' पसरला. त्याने दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरच्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. त्यातलं भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले. दीड महिन्याने, २७ जूनच्या सुमाराला, 'नॉटपेट्या' आला आणि त्याचा फटका थेट आपल्या महाराष्ट्रात, नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलला बसला. कंटेनर हलवण्याचं काम अडलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपलं दुकान कुठे?

पायरी १ : आधी हात आवरा

व्हायरस आहे असं वाटलं की पहिल्या पाच मिनिटांत एवढंच करायचं:

- इंटरनेटची वायर काढा. वायफाय असेल तर बंद करा. दुकानात दोन कॉम्प्युटर जोडलेले असतील तर तीही वायर काढा.
- त्या कॉम्प्युटरला एकही पेनड्राइव्ह, मोबाईल किंवा कार्ड लावू नका.
- डिजिटल सहीचा टोकन लावलेला असेल तर काढून घ्या.
- त्यावरून बँक, जीएसटी, ईमेल, सेवा केंद्राचं लॉगिन काहीही उघडू नका. पासवर्ड चोरणारा व्हायरस असेल तर तुम्ही टाइप करताच तो पुढे गेला.
- मग मशीन नीट शटडाऊन करा.

फायलींच्या नावापुढे अचानक विचित्र अक्षरं लागलेली दिसली आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर तो खंडणीवाला प्रकार, म्हणजे रॅन्समवेअर. तिथे शटडाऊनची वाट बघू नका. वायर काढा आणि मशीन लगेच बंद करा. चालू ठेवाल तितक्या जास्त फायली कुलूपबंद होतील. अशा फायलींसाठी 'नो मोअर रॅन्सम' नावाचा मोफत उपक्रम आहे. २०१६ मध्ये युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी तो सुरू केला. काही जातींच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. म्हणून कुलूपबंद फायलीही फेकू नका, बाजूला जपून ठेवा.

आणखी एक. घाबरून त्याच मशीनवर कुठला तरी फुकटचा अँटिव्हायरस टाकून 'डिलीट ऑल' दाबू नका. कधीकधी व्हायरस तुमच्याच वर्ड-एक्सेलच्या फाईलमध्ये बसलेला असतो आणि सफाईत तुमची फाईलच जाते. आधी कॉपी, मग सफाई. हा क्रम पक्का.

पायरी २ : व्हायरस झोपलेला असताना डेटा उचला

आजच्या लेखाचा गाभा इथे आहे, नीट समजून घ्या.

व्हायरस हा एक प्रोग्रॅमच आहे. विंडोज चालू असेल तेव्हाच तो चालतो. विंडोज चालूच केली नाही, तर हार्ड डिस्कमध्ये तो नुसता पडून राहतो, झोपलेल्या सापासारखा. मग विंडोज न उघडता डिस्कमधल्या फायली कशा काढायच्या? दोन मार्ग आहेत.

मार्ग पहिला, लिनक्सचा पेनड्राइव्ह. एखाद्या चांगल्या, व्हायरस नसलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मोफत डाऊनलोड करा, त्याच्या अधिकृत वेबसाइटवरूनच. 'रूफस' नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने तो आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. जुन्या मशीनला चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट चालेल. एक-दोन जीबी रॅमचं, बत्तीस बिटचं अगदी जुनं मशीन असेल तर पपी लिनक्स किंवा अँटीएक्स घ्या. ते हलके आहेत.

आता जुन्या मशीनला हा पेनड्राइव्ह लावून चालू करा. चालू होतानाच एफ-ट्वेल्व्ह दाबत राहा. काही मशीनला एफ-नाइन किंवा एस्केप असतं, स्क्रीनवर खाली लिहिलेलं दिसतं. बूट कुठून करायचं याची यादी आली की पेनड्राइव्ह निवडा. लिनक्स उघडेल. तिथे 'इन्स्टॉल' दिसलं तर त्याला हात लावू नका. इन्स्टॉल केलं तर विंडोजवर पाणी आणि डेटाही गेला. नुसतं चालवून बघायचा जो पर्याय असतो तोच घ्या.

फाईल मॅनेजर उघडला की जुन्या मशीनचे सी आणि डी ड्राइव्ह दिसतील. गंमत अशी की, शॉर्टकट व्हायरसने लपवलेली फोल्डरं इथे सहसा सरळ दिसतात, कारण विंडोजची 'हिडन' खूण लिनक्स मानत नाही. 'सगळा डेटा उडाला' म्हणून लोक रडतात, आणि तो तिथेच असतो. कधी एखाद्या बिननावाच्या फोल्डरात सगळं कोंबलेलं असतं. नाव कोरं दिसलं म्हणून ते सोडू नका, उघडून बघा.

मार्ग दुसरा, डिस्क काढून. मशीन चालूच होत नसेल तर हार्ड डिस्क बाहेर काढा, यूएसबीच्या कन्व्हर्टर केबलने दुसऱ्या मशीनला लावा. डेस्कटॉपची मोठी साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. एक्सपीच्या काळातल्या डिस्कला चपटी रुंद पट्टी लागते, त्यासाठी आयडीई असलेला कन्व्हर्टर मागा. आणि दुसरं मशीनही त्या लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू करा. चालू विंडोजला ही डिस्क जोडून रिस्क घेऊ नका.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ती मरायला टेकली आहे. तिथे प्रयोग करू नका. सगळ्यात महत्त्वाचं जे आहे ते आधी उचला, नाहीतर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

पायरी ३ : काय उचलायचं, काय सोडायचं

सगळा सी ड्राइव्ह ओढून घेऊ नका. ज्याची धंद्याला गरज आहे तेवढंच. आणि क्रम महत्त्वाचा: छोटं पण मोलाचं आधी, मोठं पण दुय्यम नंतर.

उचला:

१. टॅलीचं 'डेटा' फोल्डर. त्यात प्रत्येक कंपनीचं पाच आकडी नावाचं फोल्डर असतं. एखादं आत जाऊन उचलू नका, पूर्ण 'डेटा' फोल्डर घ्या. आधी घेतलेले टॅलीचे बॅकअप असतील तर तेही.
२. उधारीच्या, स्टॉकच्या, गिऱ्हाइकांच्या एक्सेल फायली.
३. जीएसटी रिटर्न, पावत्या, करारपत्रं.
४. कोरल ड्रॉ आणि पेजमेकरच्या डिझाइन फायली.
५. मराठी फाँट. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये नसतात. त्या श्रीलिपी, आकृती अशा फाँटमध्ये केलेल्या असतात. फाँट नसेल तर फाईल उघडते, पण 'श्री गणेशाय नमः'च्या जागी भलतीच चिन्हं येतात. म्हणून कुठल्या फाईलला कुठला फाँट आहे त्याची यादी करा. सॉफ्टवेअर तुमच्या लायसन्समधून नव्याने टाका आणि त्याचं यूएसबी लॉक असेल तर ते जपा.
६. फोटो, स्कॅन, व्हिडिओ.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स आणि डी ड्राइव्ह हे चारही बघा. आपल्याकडे निम्मा धंदा डेस्कटॉपवरच पडलेला असतो.

सोडा:

- नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई, एससीआर, बॅट, सीएमडी, व्हीबीएस, जेएस, एमएसआय, आयएनएफ, एलएनके असलेली कुठलीही फाईल. या चालणाऱ्या फायली आहेत. व्हायरसची घरं हीच.
- 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' ही फोल्डरं.
- सॉफ्टवेअरचे जुने सेटअप. 'सॅलिटी', 'रॅमनिट' यांसारखे व्हायरस चांगल्या सेटअप फायलींमध्येही शिरतात. रॅमनिट तर सेव्ह केलेल्या वेबपेजमध्येसुद्धा शिरतो.
- 'क्रॅक', 'की-जेन', 'पॅच' नावाचं काहीही. बरेचदा रोग तिथूनच आलेला असतो.

वर्ड-एक्सेलच्या फायली घ्यायच्या, पण त्यात मॅक्रो नावाचा छोटा प्रोग्रॅम लपू शकतो हे लक्षात ठेवा. झिप फाईल म्हणजे बंद पोतं. आत काय आहे ते तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

कॉपी कशात करायची? नव्या किंवा पूर्ण रिकाम्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये. तिच्यावर कागद चिकटवा: संशयित. डिस्क एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यात जात नाही. लग्नाचे मोठे व्हिडिओ तिथे अडतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेवा.

वेळेचा अंदाज घ्या. जुन्या यूएसबीचा खरा वेग सेकंदाला २५-३० एमबी धरा. म्हणजे १०० जीबीला किमान एक ते सव्वा तास, बारीक फायली भरपूर असतील तर त्याहून जास्त. मधेच लाईट गेली तर काम अर्धवट आणि डिस्कलाही धोका. म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच बसा. कॉपी संपली की डिस्क तशीच उपटू नका. 'इजेक्ट' करा, मगच काढा.

पायरी ४ : नव्या मशीनवर आत घेण्याआधी तपासणी

तालुक्याच्या बाजारात नवं जनावर घेतलं तर आपण ते लगेच गोठ्यात बांधत नाही. चार दिवस बाजूला बांधतो. इथे तेच करायचं.

नव्या मशीनवर आधी तयारी: विंडोज अपडेट करा, अँटिव्हायरस अपडेट करा. विंडोज टेन-इलेव्हनमध्ये डिफेंडर आलेलाच असतो, तो चालू असला तरी पुरे. सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले' शोधून बंद करा. फाईल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाईलच्या नावापुढचे एक्स्टेंशन दिसतील असं करा. हे फार कामाचं आहे. नाहीतर 'पत्रिका डॉट जेपीजी डॉट ईएक्सई' ही फाईल तुम्हाला नुसती 'पत्रिका डॉट जेपीजी' दिसते आणि तुम्ही फोटो समजून व्हायरस उघडता.

मग 'संशयित' डिस्क लावा. काहीही न उघडता पूर्ण डिस्क स्कॅन करा. चालणारी एखादी फाईल चुकून आली असेल तर काढून टाका. मग एकेक फोल्डर नव्या मशीनमध्ये घ्या. वर्ड-एक्सेल उघडताना वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल कंटेंट' विचारलं, तर दाबू नका. हिशोब त्याशिवायही दिसतो.

डिस्क एक-दोन आठवडे तशीच ठेवा आणि पुन्हा एकदा स्कॅन करा. नवीन व्हायरसची ओळख अँटिव्हायरसला कधीकधी काही दिवसांनी होते. आज पास झालेली फाईल पुढच्या आठवड्यात पकडली जाऊ शकते.

एखाद्या फाईलबद्दल शंका असेल तर 'व्हायरसटोटल' या वेबसाइटवर ती अनेक अँटिव्हायरसकडून एकदम तपासता येते. पण गिऱ्हाइकाचं आधार, सातबारा, बँक पासबुक तिथे टाकू नका. टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्यांना बघता येते.

पायरी ५ : आलं ते पूर्ण आलं का?

'कॉपी कम्प्लीट' दिसलं म्हणून खूश होऊ नका. जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, फायलींची संख्या आणि साइज जुळवा. सोडून दिलेल्या फायलींचा फरक धरा. प्रत्येक फोल्डरमधल्या पाच-दहा फायली उघडून बघा.

टॅलीचा डेटा उघडायच्या आधी त्याची आणखी एक कॉपी करा. नव्या टॅलीत जुना डेटा उघडताना तो नव्या पद्धतीत बदलला जातो, म्हणून मूळ प्रत हात न लावता ठेवायची. मग ताळेबंद काढा आणि सीएकडे असलेल्या छापील ताळेबंदाशी जुळवा. आकडे जुळले तर डेटा खरा आला असं समजा.

पायरी ६ : पासवर्ड, आणि जुन्या डिस्कचा शेवट

ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आधीच चोरीला गेलेत असं धरून चाला. नव्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून सगळे बदला. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बँक, जीएसटी, सेवा केंद्र, यूपीआयचं दुकानाचं खातं. जिथे ओटीपीचं दुहेरी कुलूप लावता येतं तिथे लावा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

जुनी डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवा. नेमकं काय राहिलं ते गिऱ्हाईक आल्यावरच आठवतं. महिन्याने खात्री झाली की पूर्ण फॉरमॅट मारा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. अशी डिस्क भंगारवाल्याला दिली तर शेकडो लोकांचे आधार, फोटो, सह्या कोणाच्या हातात जातील सांगता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, देगलूरसारख्या गावात एकदा 'त्याच्या दुकानातून कागद बाहेर गेले' असं झालं की दुकान चालत नाही.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

दुकानात गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हसाठी एक वेगळं, जुनं-साधं मशीन ठेवा. त्यावर लिनक्स टाका. टॅली, बँक आणि डिझाइनच्या मशीनला बाहेरचा पेनड्राइव्ह कधीच लावायचा नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. व्हायरस काढायची मोफत टूल्स आणि पेनड्राइव्हवर ताबा ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' तिथे आहे.

लग्नसराईत आणखी एक सावधगिरी. व्हॉट्सअपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल येतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाईलचं ॲप. ते टाकायचं नाही आणि गिऱ्हाइकालाही सांगायचं. पत्रिका छापणाऱ्याने हे सांगितलं तर लोक ऐकतात.

आणि बॅकअप: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. एक मशीनमध्ये, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर. डिस्क कायम जोडून ठेवू नका. खंडणीवाला व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. शनिवारी दुकान वाढवताना लावा, बॅकअप घ्या, घरी न्या.

आणि हाच धंदा झाला तर?

साताऱ्याच्या रहिमतपूरकडचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले. गिऱ्हाइकांची मशीन व्हायरसने बिघडलेली येत, तेव्हा कॉम्प्युटर शिकणारा भाऊ संजय याने व्हायरस काढायचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. गिऱ्हाइकाचं रोजचं दुखणं त्यांनी नीट बघितलं, एवढीच गोष्ट घ्या.

तुमच्या गावात अशी रोगी मशीन प्रत्येक आडतीत, प्रत्येक शाळेत आहेत. वर सांगितलेलं काम तुम्ही सेवा म्हणून देऊ शकता. दर ठरवताना साधा हिशोब करा. समजा तुमच्या तासाची किंमत १५० रुपये, एका मशीनमागे लक्ष द्यायचा वेळ दोन तास, म्हणजे ३००. कन्व्हर्टर, केबल, वीज यांचा वाटा ५०. डेटा एक आठवडा सांभाळायची जबाबदारी धरून ५००-६०० रुपये योग्य होतात. डिस्क गिऱ्हाइकाची.

पण तीन नियम भिंतीवर लावा:

१. काम घेण्याआधी साध्या कागदावर लिहून सही घ्यायची: काय उचलायचं, काय नाही, आणि डिस्क आधीच खराब असेल तर हमी नाही.
२. गिऱ्हाइकाचे फोटो-व्हिडिओ उघडून बघायचे नाहीत. तपासायचंच तर त्यांच्यासमोर.
३. सात दिवसांनी आपल्याकडची प्रत पुसायची आणि तसं फोन करून सांगायचं.

तिसरा नियम पाळणारे फार कमी भेटतात. तुम्ही पाळा. लोक दुसऱ्या वेळी मशीन घेऊन तुमच्याकडेच येतील आणि चार जणांना सांगतील.

आजचा गृहपाठ

१. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या, लिनक्स चढवा, चांगल्या मशीनवर चालवून बघा. आग लागल्यावर विहीर खणायची नाही.
२. तुमच्या मशीनमध्ये टॅलीचा डेटा, डिझाइन आणि फाँट नेमके कुठे आहेत ते वहीत लिहा.
३. येत्या शनिवारी पहिला बॅकअप घ्या आणि घरी न्या.

एवढं केलंत तर तुमचा कॉम्प्युटर कधीही बसला, तरी दुकान बसणार नाही.